लेकीचा पाय प्लास्टरमध्ये आणि थीम पार्कची तिकिटं काढलेली – जावं की पुढे ढकलावं?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. जरा गोंधळलेय, म्हणून इथे विचारतेय.

माझी नऊ वर्षांची लेक गेल्या शनिवारी जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून उतरायला गेली आणि डावं पाऊल वाकडं पडलं. करंगळीच्या बाजूचं लांब हाड, म्हणजे पाचवं मेटाटार्सल, मोडलंय. गुडघ्याखाली फायबरग्लासचं प्लास्टर आहे, चार आठवड्यांचं, आणि त्या पायावर अजिबात वजन टाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. थीम पार्कची तिकिटं आम्ही तीन महिन्यांपूर्वीच काढून ठेवली होती. आजपासून बारा दिवसांनी जायचंय. धाकटा पाच वर्षांचा आहे, तो रोज सकाळी उठून किती दिवस राहिले ते मोजतो.

लेकीने पार्कचा नकाशा कपाटाच्या दाराला चिकटवला होता. स्केचपेनने गोल करून कुठल्या राइडला आधी जायचं ते आकडे घातले होते. काल तिने तो स्वतःच काढला, चिकटपट्टी नीट सोडवली, घडी घालून खणात ठेवला. रडली नाही, बोलली नाही. मला ते बघवलं नाही.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "व्हीलचेअरवर बसून फिरायला हरकत नाही, राइडचं मात्र तिथे विचारा." घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो तारीख बदलू. सासूबाई म्हणतात धाकट्याला घेऊन जा, ती माझ्याजवळ राहील. हे दुसरं तर मला मुळीच पटत नाहीये. कुणी लहान मुलाला प्लास्टरसकट नेलंय का? प्रत्यक्ष काय होतं तिथे?

निळाई

अंगणवेल, आधी लेकीला माझ्याकडून एक घट्ट मिठी.

एक कराच. पार्कला फोन करून तारीख बदलून मिळते का ते विचारा. दुखापत झाली म्हटल्यावर बरेचदा ऐकतात. पुढे न्यायचं ठरलं तर प्लास्टर निघाल्या दिवसापासून मोजू नका, पोटरीचा स्नायू बारीक झालेला असतो. माझा मुलगा प्लास्टर काढल्यावर जवळजवळ दोन आठवडे लंगडत होता. टाच टेकायलाच घाबरायचा.

आणि सासूबाईंचं मन चांगलं आहे, पण तिला मागे ठेवून जाऊ नका.

दोन_पोरांचा_बाबा

माझं मत वेगळं आहे. जाऊ नका. मोठ्या पार्कात दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज चालणं होतं. तेवढी खुर्ची ढकलायची, शिवाय पाच वर्षांचं दुसरं पोर सांभाळायचं. आणि तिला काय मिळणार? बाकीची मुलं किंचाळत वरून खाली येताना बघत बसायचं. हट्टाने नेलं आणि पाय पुन्हा दुखावला तर स्वतःला माफ करता येणार नाही.

सांधेजोड

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. एक्स-रे न बघता सल्ला देणं बरोबर नाही, तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण काही गोष्टी सगळ्याच पालकांना माहीत असाव्यात म्हणून लिहितो.

तुम्ही जाल तेव्हा हाड मोडून सोळा-सतरा दिवस झालेले असतील. मुलांची हाडं भराभर जुळतात, पण त्या टप्प्यावर मोडलेल्या जागी जे तयार झालेलं असतं ते कच्चं असतं, मऊ असतं. दुखणं मात्र तोवर जवळपास थांबलेलं असतं. खरी भीती इथे आहे. मूल म्हणतं, "आई, आता काहीच दुखत नाही", आणि ते खरंच सांगत असतं. पण दुखणं थांबलं म्हणजे हाड घट्ट झालं असं नाही. त्यामुळे "एकच राइड, हळू चालणारी आहे, दोन पावलं टाकते" याला नाही म्हणायची तयारी घरूनच करून जा.

सूज. पाय दिवसभर खाली लोंबत राहिला की प्लास्टरच्या आत सूज वाढते आणि ते आवळतं. बसल्यावर पाऊल निदान कमरेच्या पातळीला हवं. दर तासा-दोन तासांनी सावलीत आडवं करून पाय उशीवर, छातीपेक्षा उंच, वीस मिनिटं. बोटं उघडी दिसत असतील. अंगठ्याचं नख दाबा, पांढरं होईल. सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. बोटं निळसर, गार किंवा बधिर वाटली, मुंग्या आल्या, किंवा बोटं नुसती हलवून बघताना जीव जाईल असं दुखलं, तर पार्क तिथेच सोडायचा आणि दवाखाना गाठायचा. वेदनाशामक देऊन संध्याकाळपर्यंत रेटू नका.

पाणी. फायबरग्लासला पाण्याने काही होत नाही हे अर्धसत्य आहे. बाहेरचं कवच टिकतं, आतला कापूस भिजतो आणि भिजलेलाच राहतो. त्याखालची कातडी पांढरी पडून सोलते. म्हणजे पाण्याच्या राइड तर नाहीतच, पण कारंज्यांच्या जवळून जातानाही पाय प्लास्टिकच्या आवरणात हवा. आवरण दिवसभर ठेवू नका, घामानेही आतून ओलं होतं. खाज सुटली तर पेन, पट्टी, विणायची सुई काहीही आत घालू द्यायचं नाही. वरून टिचक्या मारा, नाहीतर ड्रायरची गार हवा सोडा.

विमानाने जाणार असाल तर आणखी एक. नवं प्लास्टर घालून पहिल्या दोन दिवसांत विमान नको, सूज वाढते. तुमच्या बाबतीत तो काळ उलटून जाईल.

अंगणवेल

सांधेजोड, मनापासून आभार. नख दाबून बघायचं कुणी सांगितलंच नव्हतं. आत्ताच बघितलं, रंग लगेच परत आला. तिलाही करायला शिकवलं, आता ती दर अर्ध्या तासाने करतेय.

बाबा, तुमची काळजी समजते. मलाही तीच भीती आहे, की तिला नुसतं बघत बसावं लागेल.

जुना_ऑपरेटर

मी सहा वर्षं एका पार्कात राइड चालवायचं काम केलंय, त्यामुळे "राइडचं तिथे विचारा" याचं उत्तर मी देऊ शकतो.

पाय प्लास्टरमध्ये असलेल्याला जोरदार राइडवर घेत नाहीत, आणि त्यात ऑपरेटरच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. कुणाला बसवायचं नाही हे राइड बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. ऑपरेटरला ते शिथिल करता येत नाही. कृपा करून त्या मुलांशी वाद घालू नका. दिवसातून वीस वेळा त्यांना ओरडा खावा लागतो आणि त्यांच्या हातात काहीच नसतं.

कारणं सांगतो, कारण कारण कळलं की लेकीलाही समजावता येईल. वळणावर आणि ब्रेकला माणूस नकळत दोन्ही पाय रोवून स्वतःला सावरतो. तिला एकाच पायाने सावरता येणार नाही, किंवा घाबरून ती प्लास्टरचा पाय रोवेल. पाय लोंबते राहणाऱ्या राइडवर प्लास्टरचं वजन घोट्याला आणि गुडघ्याला ओढत राहतं. बसायच्या डब्यात पाय ठेवायची जागा अरुंद असते, तिथे कडक प्लास्टर अडकतं नाहीतर शेजारच्याच्या नडगीवर आपटतं. कधी लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा, पूर्ण खाली येत नाही.

आणि सगळ्यात मोठं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. राइड मध्येच थांबते. बिघाड झाला असं नाही, कुणाची टोपी सेन्सरसमोर आली तरी थांबते, आणि तसंच व्हायला हवं. बरेचदा पुन्हा सुरू होते. नाही झाली तर रुळाच्या कडेच्या अरुंद जाळीच्या पट्टीवरून, पायऱ्या उतरत, सगळ्यांना चालत खाली आणावं लागतं. मी स्वतः लोकांना तसं उतरवलंय. वाऱ्यात, कठडा धरून, एकामागे एक. तिथे एका पायाच्या मुलीला कसं आणायचं?

आता चांगली बाजू. फिरता घोडेपाळणा घेतलात तर त्यात घोड्यांबरोबर बहुधा रथासारखा बाकही असतो. पार्कात फिरणारी आगगाडी, संथ होड्या, अंधारातून गोष्ट दाखवत नेणाऱ्या गाड्या यांतल्या कितीतरी जमतात. काही ठिकाणी खुर्चीसकट चढवता येणारा डबाही असतो. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'ला तशी होडी आहे. पण उचलून बसवायचं काम पार्कचे कर्मचारी सहसा करत नाहीत, ते घरच्यांनीच करायचं. म्हणून घरी सराव करा. खुर्चीवरून सोफ्यावर, सोफ्यावरून खुर्चीत. आधी खुर्चीचे ब्रेक लावायचे, मगच उठवायचं. हे दहा वेळा केलंत तर तिथे घाई होणार नाही.

रानपाखरू

आणि धाकट्यासाठी अदलाबदलीची सोय विचारा. डिस्ने त्याला रायडर स्विच म्हणतं, युनिव्हर्सलच्या पार्कांतही अशी सोय असते. एक पालक राइडला जातो, दुसरा मुलीपाशी थांबतो, मग पुन्हा पूर्ण रांग न लावता दुसऱ्याला जाता येतं. खरं तर ती उंचीत न बसणाऱ्या लहानग्यांसाठी केलेली सोय, पण मूल कुठल्याही कारणाने बसू शकत नसेल तरी बहुतेक ठिकाणी मिळते. प्रवेशद्वाराशीच विचारून घ्या.

रांगेबद्दल गैरसमज नको. व्हीलचेअर म्हणजे रांग चुकवायचा पास नव्हे. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांची जी डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष रांगेत उभं न राहण्याची सवलत, आहे, तिचे नियम २०२४ मध्ये बदलले. ती आता ऑटिझमसारख्या विकासाशी निगडित अवस्थांमुळे रांगेत थांबणं ज्यांना अशक्य होतं त्यांच्यासाठी आहे, मोडलेल्या पायासाठी नाही. खुर्ची जाईल अशी रुंद रांग असेल तर सगळ्यांबरोबर रांगेतूनच जायचं. जुन्या, अरुंद रांगांच्या राइडला वेगळं दार असतं, तिथे वेळ लिहून देतात आणि त्या वेळी परत यायचं. १९५५ साली उघडलेल्या डिस्नेलँडमध्ये असं बऱ्याच राइडना आहे, तेव्हा खुर्चीचा विचार करून कुणी रांगा आखल्या नव्हत्या.

चाकांवरची

मी गेली अकरा वर्षं व्हीलचेअर वापरते, कायमची. आई-बाबांबरोबर पार्कला गेलेय, मैत्रिणींबरोबरही. थोडं खुर्चीतून बघून लिहिते.

पार्कची भाड्याची खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची असते आणि तिला पाय आडवा ठेवायचा आधार बहुतेकदा नसतो. तुमच्या लेकीला तोच सगळ्यात गरजेचा. लहान मापाची, पाय वर ठेवता येणारी खुर्ची बाहेरून भाड्याने मिळाली तर आणाच. नाही मिळाली तर गादीखाली एक फळी सरकवा, तिच्या डाव्या मांडीखालून पुढे पोटरीपर्यंत येईल अशी. वर मऊ कापड घाला. टाच फळीवर टेकवू नका, पोटरीखाली टॉवेलची गुंडाळी द्या म्हणजे टाच अधांतरी राहते. टाचेवर सतत दाब आला की प्लास्टरच्या आत फोड येतो आणि तो बाहेरून दिसत नाही. पुढे आलेला पाय गर्दीत लोकांना दिसत नाही, ते वळतात आणि आपटतात. त्याला भडक रंगाचा रुमाल बांधा.

ढकलणाऱ्यांसाठी: तीव्र उतारावर खुर्ची उलटी धरा, स्वतः मागे चालत उतरा. रस्त्यात आगगाडीचे रूळ असतील तर तिरके ओलांडू नका, पुढची छोटी चाकं फटीत अडकतात आणि मूल पुढे फेकलं जातं. रुळाला काटकोनात या, मागचा दांडा पायाने दाबून पुढची चाकं जराशी उचला, मग पलीकडे जा. थांबलात की ब्रेक. अगदी मिनिटभर थांबलात तरी.

आता जे कुणी सांगत नाही ते. खुर्चीत बसलं की गर्दीत दिसतात ती फक्त लोकांची कंबर, कोपरं आणि पाठीवरच्या पिशव्या. पिशव्या थेट तोंडावर येतात. लेकीला आधी सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटेल आपलंच काहीतरी चुकतंय. तिच्याशी बोलायचं असेल तर मागून डोक्यावरून बोलू नका, पुढे येऊन, वाकून बोला. आणि लोक तिच्याऐवजी तुम्हाला विचारतील, "हिला बसायचंय का?" तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. तिच्याकडे बघा आणि थांबा. तिलाच सांगू द्या. अकरा वर्षांत मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट हीच आहे.

तिला विचारल्याशिवाय खुर्ची हलवूही नका. "निघायचं का?" एवढं म्हटलं तरी पुरतं.

दोन_पोरांचा_बाबा, तुम्ही काळजीपोटी लिहिलंत हे कळतं. पण "बघत बसायचं" यात काही मिळत नाही असं धरून चालू नका. मी बघत बसूनही खूप सुंदर दिवस काढलेत. फक्त कुठे बसायचं ते मी ठरवलेलं असायचं.

दोन_पोरांचा_बाबा

ताई, तुमचं वाचून मी माझा प्रतिसाद पुन्हा वाचला. मी तिच्या वतीने ठरवून मोकळा झालो होतो. अंगणवेल, लेकीला विचारलंत का तिला काय हवंय?

अंगणवेल

नाही विचारलं. चार दिवस आम्ही मोठेच बोलतोय.

अंगणवेल

आज विचारलं. सगळं खरं सांगितलं. कुठल्या राइड नाहीत, का नाहीत, जाळीच्या पट्टीवरून उतरायचं तेही. तारीख बदलता येते हेही सांगितलं. पार्कला फोन केला होता, एकदा बदलून देतात म्हणाले. तिने खूप वेळ विचार केला. मग विचारलं, "संध्याकाळची मिरवणूक पहिल्या रांगेतून दिसेल?" मी म्हटलं, खुर्चीसाठी वेगळी जागा असते, लवकर गेलो तर मिळेल. म्हणाली, "मग जाऊ या. मोठ्या राइड पुढच्या वेळी."

खणातला नकाशा बाहेर आला. आता हिरव्या पेनाने नवे गोल चाललेत. कर्मचाऱ्यांना काय विचारायचं त्याची यादी ती स्वतः लिहितेय, दाराशी तीच बोलणार आहे म्हणे.

डॉक्टरांकडे निघायच्या आदल्या दिवशी तपासणी ठेवलीय. ते हो म्हणाले तरच.

सांधेजोड

आदल्या दिवशी दाखवताय हे उत्तम. प्लास्टर सैल झालं असेल तर तेही कळेल. सूज उतरली की दोन आठवड्यांत सैल होतं आणि आत पाऊल हलायला लागतं. कुबड्या असतील तर बरोबर ठेवा, स्वच्छतागृहाच्या अरुंद दारात लागतात. वजन तळहातांवर घ्यायचं, काखेत नाही. काख आणि कुबडीत दोन बोटांची फट हवी.

अंगणवेल

मंडळी, जाऊन आलो. परवाच आलो, पण आधी झोप काढली.

डॉक्टरांनी हो म्हटलं. प्लास्टर सैल झालंच होतं, त्यांनी बदलून दिलं. नवं दिलं ते पिवळं, तिने निवडलं.

पाय आडवा ठेवायची खुर्ची मिळाली नाही, म्हणून फळी केली. पहिल्या तासातच कळलं की फळी पुढे सरकते. मग ओढणीने ती खुर्चीच्या दांड्याला बांधली, त्यानंतर हलली नाही. लाल रुमाल बांधूनही दोनदा लोक आपटलेच. पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर ती स्वतःच "सांभाळून, पाय आहे!" असं मोठ्याने म्हणायला लागली.

दाराशी तीच बोलली. तिथल्या ताई गुडघ्यावर बसून तिच्याशी बोलल्या, माझ्याकडे बघितलंही नाही. नकाशावर जिथे खुर्चीने जाता येतं तिथे खुणा करून दिल्या. एकूण पाच राइड झाल्या. होडीत ती दोनदा बसली. एका अंधाऱ्या गाडीत चढता आलं नाही. चढायच्या जागचा फिरता पट्टा त्यांनी थांबवला होता, पण डब्याची कड उंच होती आणि पाय आत वळेना. मागे फिरलो. तेव्हा गप्प झाली, बराच वेळ.

सगळ्यात अवघड गेलं ते दुपारी. नवरा धाकट्याला घेऊन छोट्या रोलरकोस्टरला गेला. धाकटा उतरून धावत आला आणि कसं वाटलं ते भडाभडा सांगायला लागला. मी त्याला थांबवणार होते, तर लेकच म्हणाली, "सांग, पण पहिल्यापासून सांग. वर जाताना आवाज कसा येतो?" त्याने ताडकन उभं राहून खडखडखड करून दाखवलं. त्यानंतर तो प्रत्येक राइडवरून आला की तिच्या खुर्चीपुढे उभा राहून पूर्ण वृत्तांत द्यायचा, हातवाऱ्यांसकट.

आम्ही चार वेळा पाय वर घेऊन झोपवलं. प्रथमोपचार खोलीत पलंग असतो, विचारलं तर देतात, हे इथे लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोग होईल. दुपारी तीननंतर बोटं जरा फुगलेली वाटली. नख दाबून बघितलं, रंग ठीक होता, तरी अर्धा तास जास्त थांबलो. मिरवणूक पहिल्या रांगेतून दिसली. चाळीस मिनिटं आधी जाऊन बसलो होतो. खुर्चीबरोबर सगळ्यांना बसू देत नाहीत, एकालाच दिलं, तर तिने भावाला घेतलं. आम्ही दोघं मागे उभे होतो. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त वर केलेला हात दिसत होता.

आतषबाजीआधी निघालो. तिनेच सांगितलं, पाय जड झालाय.

चाकांवरची, तुमचे खास आभार. "निघायचं का?" हे दिवसभरात किती वेळा विचारलं असेल. दोनदा ती "नाही, अजून थांबू" म्हणाली आणि आम्ही थांबलो.

चाकांवरची

पिवळ्या प्लास्टरवर माझीही सही राहिली म्हणायची. तिला सांगा, "सांभाळून, पाय आहे" हे मी आता वापरणार.

वाटसरू_७

धागा अगदी वेळेवर दिसला. माझ्या मुलाला प्लास्टरऐवजी पट्ट्यांचा बूट दिलाय, थोडं वजन टाकायची परवानगी आहे. पुढच्या आठवड्यात आमचंही जायचंय. बूट काढून राइडला बसवता येईल का? आणि अंगणवेल, फळीचं माप काय घेतलंत?

जुना_ऑपरेटर

बूट काढून बसवू नका. बूट हाडाच्या आधारासाठी दिलाय, आणि झटके तर राइडवरच बसतात. थोडं चालता येतं म्हणून पायऱ्या उतरताही येतील असं नाही. हळू राइडचं दाराशी विचारा, बूट घालूनच.

अंगणवेल

वाटसरू, फळी ६५ सेंटिमीटर लांब, २० रुंद. पण तुमच्या मुलाला बसवून, कमरेपासून टाचेच्या चार बोटं अलीकडपर्यंत मोजून घ्या. कडा घासून गुळगुळीत करा, माझ्या हातात कुसळ गेलं होतं. आणि बांधायला काहीतरी न्याच, आम्ही ते विसरलो होतो.